शिक्षणावरचा खर्च मोजताना

शिक्षण आणि पैसा या विषयावरच्या सर्वेक्षणांत माझी बरीच वर्षं गेली. आधी प्रश्नावली घेऊन दारोदार फिरणारी अन्वेषक होते, मग पर्यवेक्षक झाले, आणि आता या कामात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना प्रशिक्षण देते. प्रत्यक्ष काम बहुतेक मराठवाड्यात झालं. वाचन मात्र केनिया, मेक्सिको, इंडोनेशिया, पाकिस्तान असं लांबलांबचं करावं लागलं. गरीब देशाचं सरकार आणि गरीब घरातली आई, दोघांपुढचा प्रश्न सगळीकडे सारखाच असतो: हातात आहे तो रुपया कुठे घातला तर मूल खरोखर शिकेल? इतक्या वर्षांत तुम्हाला काय कळलं, असं प्रशिक्षणात कोणी ना कोणी विचारतंच. त्यांना जे सांगते, ते इथे लिहिते आहे.

१. ‘शिक्षणावर किती खर्च होतो?’ असं एकदम विचारू नये.

विचारलं तर उत्तर येतं, ‘काही नाही.’ बीड जिल्ह्यातलं एक घर सांगते. मुलगी सातवीत, मुलगा चौथीत, दोघंही झेडपीच्या शाळेत. आई म्हणाली, “शाळेला काय लागतंय मॅडम? पुस्तकं शाळेतच मिळत्यात, दुपारची खिचडी हाय, ड्रेस बी दिलाय.” मग मी एकेक बाब घेत गेले. वह्या? त्या दुकानातून. कंपासपेटी, दप्तर? जूनमध्ये घेतलं. ड्रेस किती मिळाले? एक, दुसरा बाजारातून आणला. शिकवणी? “पोरगा जातो की, वरच्या आळीला. महिन्याच्या महिन्याला द्यावे लागतात.” मोबाइलचं रिचार्ज? “अभ्यास त्याच्यावरच येतोय ना आता.” आम्ही बेरीज केली, तेव्हा ती आकड्याकडे बघत म्हणाली, “एवढे जातात व्हय?” राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या शिक्षण-फेरीत फी, पुस्तकं-वह्या-गणवेश, प्रवास, शिकवणी असे रकाने वेगवेगळे ठेवले होते, ते याचसाठी.

आणि खर्च मुलागणिक विचारावा, घरागणिक नाही. वरच्या घरात शिकवणी फक्त मुलाला होती. मुलगी हुशार आहे, असं आईच सांगत होती. शिकवणी तरी मुलालाच. घराची एकूण बेरीज लिहून आम्ही उठलो असतो, तर हा फरक कागदावर आलाच नसता. मुलगा व्हॅनने इंग्रजी शाळेत आणि त्याची बहीण चालत गावातल्या शाळेत, हे चित्र मी इतक्या ठिकाणी पाहिलं आहे, की मुलांच्या नावाचे रकाने वेगळे नसलेली प्रश्नावली आता मी हातातच घेत नाही.

२. आईबापांना शिक्षणाची किंमत कळत नाही, हे म्हणणं सोडून द्यावं.

कळते. त्यांच्यापर्यंत पोचत नाही ती नेमकी माहिती. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने आठवीतल्या मुलग्यांना विचारलं, की शाळा पुढे चालू ठेवली तर कमाई किती वाढेल? प्रत्यक्षात जेवढी वाढते, त्याहून मुलांचा अंदाज फारच कमी निघाला. मग काही शाळांतल्या मुलांना खरे आकडे सांगितले. तेवढ्यानेच पुढच्या चार वर्षांत त्या मुलांचं शिक्षण सरासरी ०.२ ते ०.३५ वर्षांनी वाढलं. ऐकायला कमी वाटेल. पण यात ना इमारत बांधली, ना शिष्यवृत्ती वाटली. आपल्या गावांतही दहावीनंतर आयटीआय, नर्सिंग की नुसतं बी. ए., याचा निर्णय मुलं मामेभावाला विचारून घेतात, कारण दुसरं कोणी सांगणारंच नसतं.

३. मुलाच्या हातात मजकूर द्या आणि वाचायला सांगा.

एक मुलगा आठवतो, पाचवीतला. त्याने स्वतः होऊन वही आणून दाखवली. मोत्यासारखं अक्षर, समास आखलेला, प्रत्येक पानाखाली बाईंची लाल सही. त्याच वहीतली एक ओळ मी वाचायला सांगितली. तो वहीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. फळ्यावरचं हुबेहूब उतरवून घ्यायला तो शिकला होता. वाचायला शिकवलंच गेलं नव्हतं. पटावर तो होता, हजेरीत होता, पोषण आहाराच्या आकड्यात होता. सरकारच्या लेखी त्याच्यावरचा खर्च पूर्ण झालेला होता.

‘प्रथम’ संस्थेने २००५ मध्ये ‘असर’ सर्वेक्षण सुरू केलं, तेव्हा त्याचं सगळं बळ याच साध्या गोष्टीत होतं. शाळेत न जाता घरी जायचं, म्हणजे त्या दिवशी शाळेत न आलेलं मूलही सापडतं. मुलापुढे एक कागद ठेवायचा: अक्षरं, शब्द, छोटा उतारा, आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात हातच्याची वजाबाकी आणि भागाकार. दुसरीची गोष्ट वाचू शकणाऱ्या पाचवीतल्या मुलांचं प्रमाण ग्रामीण भारतात २०१८ मध्ये ५०.५ टक्के होतं. करोनात शाळा बंद राहिल्यावर, २०२२ मध्ये ते ४२.८ टक्क्यांवर आलं. म्हणजे करोनाच्या आधीसुद्धा निम्मी मुलं मागेच होती. हा आकडा वाचून लोक हळहळतात आणि पान उलटतात. माझ्या डोळ्यांसमोर मात्र ती वही येते.

यावर काय चालतं, याचा एक मोठा पुरावा मुंबईतलाच आहे. मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळं बसवून, वस्तीतलीच एखादी शिकलेली तरुणी मुळापासून शिकवायची. तिला ‘बालसखी’ म्हणत. अभिजित बॅनर्जी, एस्थर ड्युफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात याचं मोजमाप केलं. बालसखी मिळालेल्या शाळांतल्या मुलांचे गुण इतर शाळांपेक्षा स्पष्टपणे वाढले होते, आणि खर्च अगदी थोडा होता. बॅनर्जी, ड्युफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं, त्यामागच्या कामाचं एक मूळ मुंबई महापालिकेच्या वर्गखोल्यांत आहे. मुंबईत राहणाऱ्या फार थोड्यांना हे ठाऊक असतं.

सूत्र असं, की मूल कितवीत आहे ते न पाहता त्याला काय येतं ते पाहून गट करायचा आणि तिथून पुढे न्यायचं. आपली व्यवस्था नेमकं उलट करते. जूनमध्ये पाचवीचं पुस्तक उघडलं, की ते मार्चपर्यंत संपवायचंच, वर्गातली निम्मी मुलं पहिल्याच धड्याला सुटली तरी.

४. वस्तू घेणं सोपं पडतं, म्हणून पैसा तिकडे जातो.

केनियाच्या पश्चिम भागात शाळांना मोफत पाठ्यपुस्तकं दिली आणि परिणाम तपासला. सरासरी गुण वाढले नाहीत; जी मुलं आधीच पुढे होती, त्यांनाच फायदा झाला. पुस्तकं इंग्रजीत होती, आणि इंग्रजी ही तिथल्या बऱ्याच मुलांची तिसरी भाषा. पेरूमध्ये खेड्यांतल्या मुलांना लॅपटॉप वाटले. शाळांतले संगणक कित्येक पटींनी वाढले, गणित आणि भाषेचे गुण होते तिथेच राहिले.

म्हणजे वस्तूंवर खर्च करूच नये असं नाही. इंडोनेशियाने तेलाच्या पैशातून १९७३-७४ पासून पाच-सहा वर्षांत ६१ हजारांवर प्राथमिक शाळा बांधल्या. त्या शाळांत गेलेली मुलं मोठी झाल्यावर जास्त शिकलेली आणि जास्त कमावणारी निघाली, हे ड्युफ्लो यांनी २००१ मध्ये दाखवून दिलं. शाळाच नव्हती, तिथे शाळा बांधणं हीच उत्तम गुंतवणूक होती. बिहारमध्ये २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे दिले. हायस्कूल लांब होतं, ही खरी अडचण होती, आणि मुलींची नोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढली. अडलंय कुठे, हे आधी शोधावं लागतं. तेवढं न करता ‘डिजिटल वर्ग’ म्हणून आणलेला टीव्ही संच मी कितीतरी शाळांत कपाटात, प्लास्टिकसकट ठेवलेला पाहिला आहे.

५. शाळेला पैसा आला, की घर आपला हात आखडता घेतं.

आंध्र प्रदेश आणि झांबियातल्या एका अभ्यासातून हे फार स्वच्छ दिसलं. आंध्रात शाळांना वह्या-साहित्यासाठी अनुदान दिलं. पहिल्या वर्षी ते अचानक आलं, मुलांचे गुण वाढले. दुसऱ्या वर्षी ते येणार हे घरांना माहीत होतं. त्यांनी स्वतःचा खर्च कमी केला, आणि गुणांतली वाढ दिसेनाशी झाली. यात पालकांचं काही चुकलं नाही. वाचलेले पैसे घरात औषधाला, खताला लागतातच. पण अनुदानाचं यश केवळ गुणांवर जोखणाऱ्याने घराचा हिशेबही विचारायला हवा.

युगांडाची गोष्ट याच्या आधीच्या टप्प्यातली, पैसा शाळेपर्यंत पोचण्याची. तिथे १९९१ ते १९९५ या काळात केंद्र सरकारने शाळांसाठी पाठवलेल्या दरडोई अनुदानापैकी सरासरी १३ टक्केच शाळांपर्यंत पोचत होतं. कुठे किती पाठवलं, हे वर्तमानपत्रांत छापलं जाऊ लागल्यावर पुढच्या काही वर्षांत हे प्रमाण खूप सुधारलं.

६. सगळं खापर शिक्षकांवर फोडणाऱ्या आकड्याची दुसरी बाजू वाचा.

२००३ मध्ये वीस राज्यांतल्या सुमारे ३,७०० शाळांना न कळवता भेटी दिल्या गेल्या. देशात सरासरी २५ टक्के शिक्षक शाळेत नव्हते, आणि निम्म्याहून कमी शिक्षक प्रत्यक्ष शिकवताना आढळले. महाराष्ट्रात गैरहजेरी सर्वांत कमी होती, १४.६ टक्के, झारखंडात ४१.९. हा अभ्यास गाजला आणि त्याने बरंच भलं केलं. उदयपूर भागात सेवा मंदिर संस्थेच्या अनौपचारिक शाळांत शिक्षकांनी रोज कॅमेऱ्याने फोटो काढायचा आणि त्यावर पगार, अशी पद्धत लावली, तर गैरहजेरी ४२ वरून २१ टक्क्यांवर आली.

तरीही मला या विषयावर जरा तावातावाने बोलावं लागतं. वर्गात नसलेले गुरुजी कुठे असतात, ते मी बघितलं आहे. कोणी मतदार याद्या घेऊन फिरत असतो, कोणी केंद्रावर बैठकीला गेलेला असतो. दोनशिक्षकी शाळेत एक जण ऑनलाइन माहिती भरायला रेंज शोधत देवळाच्या ओट्यावर बसलेला असतो, आणि दुसऱ्या बाई चार वर्ग एकत्र घेऊन पोषण आहाराचा तांदूळही मोजत असतात. शिक्षकाचा पगार हा शिक्षणावरचा सगळ्यात मोठा खर्च. तो पैसा शिकवण्याच्या तासांऐवजी कागदांवर खर्च करण्याचा निर्णय शाळेत होत नाही, वर होतो. संशोधकाने ‘गैरहजर’ एवढा एकच रकाना ठेवला, तर हे सगळं त्यात बुडून जातं.

७. कुलूप लागलेलं घर सोडून पुढे जाऊ नका.

हे मी सगळ्यात कळकळीने सांगते. अनेक सर्वेक्षणांत नियम असतो: नमुन्यातलं घर बंद असेल तर शेजारचं घ्यावं. मराठवाड्यात दसरा-दिवाळीनंतर हा नियम पाळला, की ऊसतोड करणारी कुटुंबं नमुन्यातून आपोआप गळतात. तेव्हा ती पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कुठल्या तरी कारखान्याच्या हद्दीत कोपी टाकून असतात. ज्या मुलांची शाळा सगळ्यात जास्त बुडते, नेमकी तीच मुलं आपल्या टक्केवारीत नसतात, आणि तालुक्याचा आकडा छान दिसतो.

या घरांचं गणित समजून घेतलं, तर शिक्षणातली गुंतवणूक म्हणजे काय हे कळतं. नवराबायकोचा मिळून एक ‘कोयता’. हंगामाआधी मुकादमाकडून दोघांच्या नावावर उचल घेतलेली असते. ती लग्नात, दवाखान्यात किंवा मागच्या देण्यात गेलेली असते. काम करून ती फेडायचीच. मग पोरांना मागे ठेवायचं कोणाकडे? आजी असेल तर आजीकडे. हंगामी वसतिगृह गावात वेळेवर सुरू झालं तर तिथे. वयात आलेल्या मुलीला मागे ठेवायला आई घाबरते, म्हणून ती बरोबर जाते. पहाटे आईबाप फडात गेले, की धाकट्याला सांभाळणं, पाणी भरणं, भाकरी टाकणं तिच्याकडे. मे महिन्यात परतल्यावर तिचं नाव वरच्या वर्गात गेलेलं असतं, आणि मधल्या पाच-सहा महिन्यांचं शिकवलेलं तिच्याकडे नसतं.

मेक्सिकोने १९९७ मध्ये ‘प्रोग्रेसा’ योजना आणली, तेव्हा हेच गणित समोर ठेवलं होतं. मूल कामावर गेलं असतं तर जे मिळवलं असतं, त्याचा काही भाग भरून निघेल एवढी रक्कम आईच्या हातात द्यायची, मुलाची शाळेतली हजेरी ही अट, आणि माध्यमिक वर्गांत मुलींसाठी रक्कम मुलांपेक्षा जास्त. योजना ५०६ गावांत चिठ्ठ्यांच्या पद्धतीने टप्प्याटप्प्याने सुरू करून मोजली गेली. प्राथमिकनंतर पुढे जाणाऱ्या मुलींची संख्या सगळ्यात ठळकपणे वाढली. आपल्याकडे असं काही करायचं, तर रक्कम मुकादमाच्या उचलीशी ताडून ठरवावी लागेल आणि ती ऑक्टोबरच्या आधी हातात पडावी लागेल. डिसेंबरात मंजूर होणारी मदत त्या मुलीच्या काहीच कामाची नाही.

८. कोणाच्या पैशातून कोण शिकतं, हा प्रश्न जुना आहे आणि आपला आहे.

थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० मध्ये शिक्षण ही माणसातली गुंतवणूक आहे, असं मांडलं; पुढे १९७९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. विद्यार्थी हे नाव लगेच सांगतात. त्यांना मी १८८२ सालात नेते. हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी सरकारी तिजोरीचा हिशेबच मांडला होता: महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी त्यांनी तिथे केली. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हेही कोल्हापूरकडचेच. त्या आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करा असं सांगितलं, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही तोच आकडा पुन्हा लिहावा लागला. तो गाठलाच पाहिजे. त्यातला किती भाग सगळ्यात मागच्या मुलापर्यंत जातो, हे फुल्यांनी केलं तसं ओळीओळीने तपासणंही तितकंच गरजेचं आहे.

९. छोट्या प्रयोगात जमलं, म्हणजे सरकारी योजनेत जमेल असं धरू नका.

केनियात कंत्राटी शिक्षक नेमण्याचा उपाय स्वयंसेवी संस्थेने राबवला, तेव्हा मुलांचे गुण वाढले. तोच उपाय, त्याच काळात, सरकारी यंत्रणेने राबवला तिथे काही फरक पडला नाही. नेमणुका रखडल्या, पगार लांबले, देखरेख नव्हती. राबवणारे हात कोणाचे, हाही प्रयोगाचाच भाग असतो.

१०. निकाल आधी गावात सांगा.

पाकिस्तानच्या पंजाबमध्ये ११२ गावांत एक अभ्यास झाला. निम्म्या गावांत प्रत्येक घराला प्रगतिपुस्तक दिलं: तुमच्या मुलाला किती गुण, शाळेची सरासरी किती, गावातल्या इतर शाळांची किती. मुलांचे गुण वाढले आणि खासगी शाळांची फी सुमारे १७ टक्क्यांनी उतरली. कुठली शाळा काय शिकवते हे लोकांना कळलं, की शाळेला भाव वाटेल तसा लावता येत नाही.

नुसती सभा घेऊन मात्र भागत नाही. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात गावसभा घेतल्या, शिक्षण समितीचे अधिकार समजावून सांगितले. शाळांत काही बदललं नाही. गावातल्याच तरुणांना शिकवायची सोपी पद्धत दाखवून वाचनवर्ग घेतले, तिथे मात्र आधी एक अक्षरही न ओळखणारी मुलं अक्षरं वाचू लागली. त्या वर्गांना मुलं थोडीच आली, हे खरं. पण पालकाला ‘तुमचं मूल मागे आहे’ एवढंच सांगून निघून येऊ नये, हे मी त्यातून उचललं. मुलाची पातळी लिहिलेली चिठ्ठी आम्ही आईच्या हातात देतो, आणि त्याच कागदाच्या मागे घरी रोज करता येईल असं एक काम असतं: दुकानाच्या पाट्या वाचून घ्या, बाजाराचा हिशेब त्यालाच करायला लावा. वाचता न येणाऱ्या आईलाही मूल अडखळतंय की सरळ वाचतंय, ते ऐकून कळतं. ती रोज ऐकू शकते.

नव्या प्रकल्पाचं अंदाजपत्रक करणाऱ्यांना म्हणूनच सांगते: गावात परत जाऊन निकाल सांगायचा खर्च वेगळ्या ओळीत लिहा. प्रवास, मुक्काम, मराठी छपाई, अन्वेषकांचं मानधन, आणि ऊसतोडीची घरं असतील तर मे महिन्यातली दुसरी फेरीही. निधी देणारे बहुधा हीच ओळ आधी खोडतात. त्यांना कारण लिहून कळवा, आणि ती ओळ पुन्हा घालून पाठवा.